कॅबिनचा नंबर आणि सुनेचं सेशन

बायको गेल्यावर आमच्या घरात पहिली अडचण आली ती चहाची. मला चहा पाहिजे हे कोणाला सांगायचं, तेच कळेना.

घरात माणसं तीन. मी, मुलगा आणि सून. मुलगा मालगाडी चालवतो, आज इथं तर उद्या कुठं. म्हणजे पूर्णेच्या ह्या दोन खोल्यांत खरी माणसं दोनच, आणि त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. भांडण म्हणून नाही. रीत. तीन वर्षं सून घरात आहे, पण मला काही पाहिजे असलं की मी बायकोला म्हणायचो, बायको आत जाऊन सुनेला म्हणायची. सुनेला काही सांगायचं असलं तर तेच उलट्या दिशेनं. भिंत एका विटेची, मी बोललेलं तिला स्वच्छ ऐकू जात असणार. तरी बायको गुडघ्यावर हात देऊन उठायची, आत जायची आणि सांगायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रेल्वेच्या कॅबिनमध्ये, सिग्नल-रुळांचे लिव्हर ओढण्यात जन्म गेला माझा. तिथं तरी मास्तर कुठं ड्रायव्हरशी बोलतो? सिग्नल बोलतो.

तिला माती देऊन आलो, पाहुणे चार दिवस थांबले आणि गेले, मुलाला ड्यूटीचं बोलावणं आलं. त्या दिवशी तीन वाजता मी खाटेवर बसून भिंतीकडं बघत होतो. चहाची वेळ टळून गेली. शेवटी स्वतः उठलो, गॅस पेटवला, दूध उतू घालवलं. सून आली, काही न बोलता पातेलं माझ्या हातातून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तीनच्या ठोक्याला खाटेशेजारच्या स्टुलावर चहा यायला लागला. बोलणं मात्र नाहीच.

सुनेचं काम सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलेलं होतं. पोर राणीसावरगावची. परभणीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घरून काम करायला घेतलं, पण सहा महिने पारखून बघणार आणि मग पक्कं करणार, असं ठरलं. मी ह्याच्या विरुद्ध होतो, लपवत नाही. बायकोला म्हणालो होतो, "घरात बसून मशीनीशी बोलायचे कोण पैसे देतंय? सुनेला सांग, असलं काही चालणार न्हाई." बायको बरं म्हणाली आणि आत गेली. आठ दिवसांनी घरात टेबल आलं, खुर्ची आली, भिंतीवर इंटरनेटची डबी लागली. मी बायकोला विचारलं, हे काय. ती म्हणाली, "होईल हळूहळू." ह्याचा अर्थ मी लावत बसलो नाही.

मग तिचंच दुखणं निघालं. नांदेडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिच्या तोंडून शब्द निघायचा म्हणजे विहिरीतून बादली वर ओढावी तसा. एकदा माझं मनगट धरून म्हणाली, "तिचं काम तेवढं सुटू देऊ नका." मी म्हणालो, "तू आधी पाणी पी." पाणी प्याली नाही. परत तेच म्हणाली. मी हो म्हणालो. आमचं शेवटचं धड बोलणं ते. ती गेली तेव्हा सुनेच्या सहा महिन्यांतले चार उरले होते, आणि ते नीट पार पडेपर्यंत सांभाळणं आता माझ्याकडं आलं होतं. काम काय आहे हेच ज्याला माहीत नाही त्याच्याकडं.

मी खाट हलवली. म्हणालो, उजेड येत नाही. खरं म्हणजे तिथून सुनेच्या टेबलावरचा पडदा दिसायचा. काळ्या पडद्याचे तुकडे पाडलेले. एका तुकड्यात ती लिहायची, बोट दाबलं की ती ओळ शेजारच्या तुकड्यात जायची आणि तिच्याखाली उत्तर उमटायचं. ती वाचायची, मान हलवायची, परत एक ओळ टाकायची. परत उत्तर. मला चौथीपर्यंतची शाळा. इंग्रजी म्हणाल तर अप आणि डाऊन आणि लिव्हरवरचे आकडे. पण एकानं विचारायचं आणि दुसऱ्यानं सांगायचं, एवढं समजायला शाळा लागत नाही. आमच्या घरात तेवढंच एक बोलणं चालू होतं. मी तासनतास बघत बसायचो. जपाला बसल्यासारखं.

सोमवार होता. मी आंघोळ करून, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा केली, कपाळाला भस्म लावलं. सून बेल घेऊन महादेवाला गेली होती. मी सहज टेबलाकडं बघितलं तर पडदा उजेडात, पंखा गरगर चालू आणि पाच खिडक्या सताड उघड्या. माणूस नाही.

आता मी काय केलं ते सांगतो. कॅबिनमध्ये पहिला धडा हा की गाडी पास झाली की लिव्हर परत जागेवर. ओढलेला लिव्हर तसाच सोडून जो उठतो, तो कायमचा घरी जातो. माझ्या हाताला ती सवय इतकी की अजून कोणाच्या घरी नळ गळताना दिसला तर मी विचारत नाही, बंद करतो. मला वाटलं, पोर देवाच्या गडबडीत विसरली. मुलानं मला मोबाईल दिला तेव्हा शिकवलं होतं, काम झालं की कोपऱ्यातल्या फुलीवर बोट. इथंही फुली होती. मी एक खिडकी बंद केली. दुसरी केली. तिसरीला पडद्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं, खाली दोन चौकोन. मी पहिला दाबला. चौथीला तेच, पाचवीला तेच. पाची लिव्हर जागेवर. धोतराच्या सोग्यानं पडदा पुसला आणि खाटेवर येऊन बसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. सुनेच्या कामाला आपला हात लागला म्हणून.

सून आली. ताट देव्हाऱ्यात ठेवलं, टेबलाशी गेली आणि उभीच राहिली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. मग ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी वाकून बघितलं तर ओट्याकडं तोंड करून उभी, आणि खांदे हलत होते.

बायको असती तर आता बाहेर आली असती. "तुमी काय करून ठेवलंत ठाऊक हाय का," म्हणाली असती. मी वाट बघितली. कोण येणार होतं? अर्धा तास गेला. शेवटी मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"काय झालं, माय?"

तिच्याशी थेट बोललेला माझा पहिला शब्द हा.

"काय न्हाई, मामा."

"काय न्हाई म्हणजे? रडायलीस की. मी त्या खिडक्या लावल्या. पाची. त्यानं काय बिघडलं का?"

ती वळली. ओढणी सावरायचं तिला सुचलं नाही, आणि मान खाली घालायचं मला सुचलं नाही.

"तुमी लावल्या?"

"उघड्या होत्या. मला वाटलं, विसरलीस."

ती हसली की रडली ते कळलं नाही. मग ओढणीनं डोळे पुसून म्हणाली, "मामा, त्या नुसत्या खिडक्या न्हाईत. त्याला सेशन म्हणतात. आत प्रोग्राम जागा असतो. मी त्याला एक सांगते, तो एक करतो. मग पुढचं सांगते. आदी काय काय सांगितलं ते त्याच्या डोक्यात असतं."

"आन बंद केलं की?"

"विसरतो."

"सगळं?"

"सगळं. मी लिहिलेलं ऱ्हातं, त्याच्याशी बोललेलं जातं."

तिचं काम असं की गावोगावच्या दवाखान्यांत लसी ठेवायचे फ्रीज असतात, ते आपापला थंडपणा कंपनीला कळवत असतात. कोणता फ्रीज बिघडायच्या वाटेवर आहे हे आधीच ओळखायचं. तिनं पहाटेपासून सगळ्या फ्रीजांची माहिती एका सेशनमध्ये भरली होती, हळूहळू चाळून आणली होती, आणि ते काम आपलं आपण पुढं चालू ठेवून देवाला गेली होती. दुपारी चार वाजता पुण्याच्या साहेबांना दाखवायचं होतं.

"दुसऱ्यांदा होतंय," ती म्हणाली. "मागच्या बारीला लाईट गेली तवा असंच झालं. तिसऱ्यांदा झालं की म्हणतील, पुण्याला येऊन ऱ्हा, न्हाईतर ऱ्हाऊ दे."

 मी तिथंच पाटावर बसलो.

"म्हणजे लायनीवर गाडी उभी होती," मी म्हणालो, "आन मी लिव्हर टाकला."

"काय?"

"आन लायनीवर गाडी उभी हाय तर कॉलर कुठाय?"

"कसली कॉलर, मामा?"

मग तिला सांगितलं. कॅबिनमध्ये लिव्हरची रांग असते, सगळे सारखे दिसतात. एखाद्या लायनीवर गाडी उभी असली की त्या लायनीच्या लिव्हरला लोखंडाची कडी अडकवून ठेवायची, तिला कॉलर म्हणतात. माणूस विसरतो, झोपेला येतो, घरी पोर आजारी असतं म्हणून डोकं जाग्यावर नसतं. हात सवयीनं लिव्हरकडं जातो. पण कडी हाताला लागली की हात थांबतो. "तुझ्या एवढ्या शिकलेल्या मशीनीत कडी न्हाई का?"

ती म्हणाली, "ती विचारती ना. बंद करू का म्हणून."

"विचारलं. मी हो म्हणालो."

त्यावर मात्र ती हसलीच.

साहेबाला तिनं फोन केला तेव्हा मी ऐकत होतो. "माझ्याकडून बंद झालं," म्हणाली. पलीकडच्यानं बरंच काही ऐकवलं असणार, कारण ही नुसती "हो सर, हो सर" करत होती. शुक्रवारपर्यंत मुदत मिळाली. फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "माझं नाव कामून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू, सेशन सासऱ्यानं मारलं म्हणून?"

जीभ आहे हिला, हे मला तेव्हा कळलं.

दुपारून ती बसली. मी उंबऱ्यावर स्टूल टाकलं. आत जायला पाय उचलेना, रीत होती ना. ती म्हणाली, "हा एडिटर हाय. लिहायचं आन सेशनशी बोलायचं, दोन्ही ह्याच्यातच. आन ह्याला त्याच्या भाषेत सांगितलं की आपल्याला पाहिजे तसा वागतो."

"मग आजवर कामून सांगितलं न्हाईस?"

"जसा आला तसा वापरायले होते. वेळ कुठं होता."

नवी चप्पलसुद्धा चार दिवसांत आपल्या पायाची होते, आणि ही चार महिने परक्या चपलेत चालत होती. पण बोललो नाही. तिचे दोन महिने सासूच्या उशाशी गेले होते, ते मला आठवलं.

मी म्हणालो, मला आधी पाची दाखव. तिनं दाखवल्या. पाची खिडक्यांवर एकच नाव, पुढं आकडा फक्त वेगळा.

"हे काय? पाची लेकरांचं नाव एकच?"

"आपोआप पडतं ते."

"मग हाक मारली की येणार कोण?"

तिनं नावं द्यायचं ठरवलं आणि मला विचारलं. मी काय देणार? मला येतात ती स्टेशनं. परभणी, पिंगळी, मिरखेल, पूर्णा, चुडावा. ज्या सेशनमध्ये खऱ्या फ्रीजांची खरी माहिती असते ते पूर्णा, कारण जंक्शन आहे, तिथं चूक केली तर चारी दिशेला जाते. पिंगळी आणि मिरखेल तालमीची, तिथं मोडलं तरी कोणी रडत नाही. पूर्णेच्या खिडकीला तिनं लाल पट्टा दिला, तालमीच्यांना हिरवा. मग म्हणाली, एक बटण दाबलं की पाचींची यादी दिसेल असं करते. केलं. मी बघितलं.

"नुसती नावं नकोत. गाडी उभी हाय का न्हाई ते दिसलं पाहिजे. आमच्याकडं लिव्हरच्या वर पाटी असायची, साऱ्या लायनी काढलेल्या. मास्तरानं जिन्यातून नजर टाकली तरी कळायचं."

तिनं नावापुढं ठिपका दिला. सेशन काम करत असलं की ठिपका पेटायचा, मोकळं असलं की विझायचा. हे सगळं ती एडिटरच्याच एका कागदात लिहायची, थोडं लिहून करून बघायची, नाही जमलं तर पुसायची. मला वाटायचं ही कामं बसल्या जागी चुटकीसरशी होतात. तसं नाही. एका ठिपक्यासाठी पोरीनं दीड तास घातला. मधे मी चहा केला. दूध उतू गेलं नाही. तिनं घोट घेतला आणि म्हणाली, "मामा, साखर?" साखर राहिली होती.

दुसऱ्या दिवशी लाईटचा इलाज. सेशन आता ह्या घरातल्या मशीनीत ठेवायचंच नाही, पुण्याला कंपनीच्या मशीनीत ठेवायचं, आपण इथून नुसतं बोलायचं. इथली लाईट गेली तरी गाडी तिथं उभीच राहील, आणि लाईट आली की एडिटर आपणहून जाऊन ज्याची खिडकी त्याला जोडून देईल. ती म्हणाली, बघायला पाहिजे. मी उठलो, "बटण कुणी पाडायचं?"

"तुमीच पाडा. तुमाला सवय हाय."

मी मीटरशेजारचं मेन बटण पाडलं. पंखा थांबला, सगळं गप. दहा मोजून वर केलं. खिडक्या परत आल्या, आणि पिंगळीच्या खिडकीत मिरखेल बोलायला लागलं. सुनेनं दाताखाली एक शिवी दिली. मला ऐकू आली, मी ऐकली नाही. त्या दुपारी बटण मी नऊ वेळा पाडलं. शेजारीण बाहेर येऊन म्हणाली, "तुमच्याकडं फ्यूज गेलाय का हो?" मी म्हणालो, "न्हाई, सुनेचं काम चालू हाय." हे वाक्य आपल्या तोंडून निघालं ह्याचं मलाच नवल वाटलं. नवव्या बारीला पाची खिडक्या आपापल्या घरी आल्या.

राहिली कॉलर. सुनेनं लिहिलं की पूर्णा बंद करायला गेलं, किंवा त्यातलं काही पुसायला गेलं, की एडिटर विचारेल, नक्की का? हो किंवा नाही.

"ह्यानं काय होणार?" मी म्हणालो. "मी न्हाई का हो म्हणालो? हो म्हणायला डोकं लागत न्हाई. हातच म्हणतो."

"मग काय विचारू?"

"नंबर."

मास्तर कॅबिनला फोन करायचा, लाईन मोकळी आहे का. आम्ही नुसतं हो म्हणायचो नाही. आमच्याकडं कागद असायचा, त्यावर दोन आकडी नंबर छापलेले, कसलाही क्रम नसलेले. पुढचा नंबर वाचून सांगायचा आणि खोडायचा. मास्तर तो आपल्या वहीत लिहायचा, मगच गाडी सुटायची. नंबर सांगायचा तर कागद बघावा लागतो, आणि कागद बघेपर्यंत डोकं हातापाशी येऊन पोचतं. तेवढ्यासाठीच होता तो नंबर. किती माणसं त्यानं वाचली असतील, सांगता यायचं नाही. वाचलेल्याला कळतच नाही ना तो वाचला म्हणून.

 सुनेनं खुर्ची पुढं ओढली आणि लिहायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, आत या. बघा." मी आत गेलो. तिनं पूर्णा बंद करायची आज्ञा दिली. पट्टा मोठा झाला, अख्ख्या पडद्यावर पसरला, आणि मधे आकडा आला. अडतीस. तो हातानं जसाच्या तसा लिहिल्याशिवाय पुढं काही होईना. फुली नाही, चौकोन नाही. परत केलं, आता आकडा एकाहत्तर.

"खोडतो का वापरलेला?"

"परत देत न्हाई एका दिवसात."

"झालं मग," मी म्हणालो. माझा आवाज मला वेगळाच ऐकू आला. त्या कॅबिना पाडून किती वर्षं झाली. आता सगळं बटणावर. तो कागद, त्या कड्या भंगारात गेल्या, आणि मीही त्याच हिशोबात आहे असं धरून चाललो होतो.

शुक्रवारी चार वाजता ती साहेबांसमोर बसली. तिकडं पुण्याला तिघं होते, तिचा पडदा बघत. मुलगा कोळशाची गाडी घेऊन निघालेला. मी बाहेर खाटेवर. हातात माळ होती, पण मणी पुढं सरकत नव्हते. मला बायकोला दिलेला शब्द आठवत होता आणि लाईट जाऊ नये एवढंच मी मागत होतो. लाईट गेली नाही. भलतंच झालं.

ती चांगली बोलत होती. मधेच थांबली. आतून काही आवाज नाही. मी उठून दारात गेलो. पडदा लालभडक.

नंतर तिनं सांगितलं. तिला मिरखेल रिकामं करून पहिल्यापासून करून दाखवायचं होतं. साहेब समोर, बोटं मिरखेलवर आहेत असं तिला वाटलं आणि ती होती पूर्णेवर. सगळं पुसायची आज्ञा तिनं पूर्णेला दिली. चार दिवसांपूर्वी असती तर गेलंच होतं, सगळ्या गावांचं सगळं, साहेबांच्या डोळ्यांदेखत. एडिटरनं नंबर मागितला. तिनं नंबर वाचला, आणि वाचता वाचता वरचं नाव वाचलं.

तिनं हात बटणांवरून उचलून मांडीवर ठेवलेला मी बघितला.

तिकडून एक जण म्हणाला, "हा नंबर कसला मागतोय?"

"सर, चुकीच्या ठिकाणी चालले होते. त्यानं थांबवलं." मग म्हणाली, "हे माझ्या सासऱ्यांचं आहे. ते रेल्वेच्या कॅबिनमध्ये होते."

तिकडं कोणीतरी हसलं, पण वाईट हसणं नव्हतं. "सगळ्यांनाच बसवून द्या म्हणावं आमच्याकडं." मी उघडाच होतो, घाईनं सदरा शोधायला गेलो. जसं काही ते मला बघायलाच येत होते.

पुढचे दोन महिने तसेच कामात गेले. पक्कं केल्याचं पत्र एका दुपारी आलं, कॉम्प्युटरवरच. मुलगा गाडीवर होता, त्याचा फोन बंद. सून बाहेर आली, खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसली. अशी ती कधी बसत नसे. म्हणाली, "मामा, पक्कं झालं. घरूनच करायचं."

मी हात जोडले. कोणाला ते विचारू नका.

ती पायाच्या बोटांकडं बघत म्हणाली, "आत्यांनी तवा तुमचा निरोप आणला नसता तर मी अर्जच केला नसता."

"कोणता निरोप?"

"तुमीच न्हाई का म्हणालात? 'माझ्या बायकोचं मी ऱ्हाऊ दिलं, सुनेचं ऱ्हाऊ देणार न्हाई.' आत्या आत येऊन जसंच्या तसं बोलल्या. मी रडले होते त्या दिवशी."

मी असं कधीच म्हणालो नव्हतो. मी काय म्हणालो होतो ते वर लिहिलं आहे.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा बायकोला गावच्या बालवाडीवर घ्यायला तयार होते. सातवी पास होती, माझ्यापेक्षा तीन यत्ता पुढं. मी म्हणालो, काही गरज नाही. ती बरं म्हणाली. त्यानंतर तो विषय तिच्या तोंडून कधीही निघाला नाही, आणि मला वाटायचं, विसरली. ती विसरली नव्हती. मी जे तिला म्हणायला पाहिजे होतं ते तिनं स्वतःच तयार केलं आणि माझ्या नावानं सुनेला नेऊन दिलं.

मला खोटं ठेवता येत नाही. तोंडाला दार नाही माझ्या. आणि ह्या वेळी ठेवावं असंही वाटलं नाही.

"मी तसं म्हणालो नव्हतो, माय," मी म्हणालो. "मी नको म्हणालो होतो. ते तिचंच बोलणं हाय."

 मला वाटलं, आता ही उठून जाईल.

"आता म्हणतो," मी म्हणालो. "उशीर झाला. पण म्हणतो."

ती उठली नाही. जरा वेळानं म्हणाली, "मग ड्रेसचं?"

"कसलं ड्रेसचं? ऑफिसचा नियम हाय ना, ड्रेसच घालावा लागतो म्हणून?"

"कसला नियम? तुमीच म्हणालात म्हणे, सुनेला साडीत अवघडतंय, घालू द्या."

"मी?"

"आन माझ्या हातची आमटी तुमाला आईच्या हातची आठवण देती म्हणे?"

"मी म्हणालो होतो, आमटी हाय का डोहाचं पाणी."

ती तोंडावर ओढणी धरून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझंही तेच झालं. मग मी विचारलं, मी आजारी पडलो तेव्हा तू नवस बोलली होतीस ते खरं का. ती म्हणाली, कसला नवस. त्या दुपारी आम्ही दोघांनी खाटेच्या दोन टोकांना बसून तीन वर्षांचे निरोप तपासले. एकही जसाच्या तसा पोचलेला नव्हता.

दिवेलागणीला मुलाचा फोन लागला. सुनेनं तो कानाला न लावता माझ्या हातात दिला. "तुमी सांगा," म्हणाली.

"तुझ्या बायकोची नोकरी पक्की झाली," मी सांगितलं. "इथूनच करणार हाय. माझी हो हाय."

तिकडं इंजिनाचा आवाज लय होता. पोरगं ओरडलं, "काय म्हणालात, बाबा?"

मी परत सांगितलं. मोठ्यानं.